टिप्पणी, तक्रार आणि ठाण्याची पायरी
वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

समाजमाध्यमांवरील लिखाणावरून होणाऱ्या पोलीस तक्रारींविषयी विदर्भातील खेड्यापाड्यांतून सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे गाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : घरची कोरडवाहू शेती सांभाळून मी पोलीस भरतीची तयारी करीत आहे. दुर्गोत्सव संपल्यावर गावातील मंडळाच्या फेसबुक पानावर मी अशी टिप्पणी केली, की ‘देवीच्या नावावर घरोघरी पावत्या फाडायच्या आणि हिशेब विचारला की नास्तिक म्हणायचे, ही भक्ती नव्हे, धंदा आहे.’ मंडळातील दोघांनी भावना दुखावल्याची तक्रार केली. बीट जमादारांनी फोन करून ठाण्यात बोलावले, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवले, माझा मोबाइल मागून घेऊन त्यातील संदेश वाचले, माफीनामा लिहून घेतला आणि कलम १६८ ची नोटीस हाती दिली. गुन्हा दाखल केलेला नाही, असे ते सांगतात. मग माझ्या नावावर काही नोंद राहील काय? चारित्र्य पडताळणीत अडचण येईल काय? इंग्लंडमधील पोलिसांनी अशा नोंदींचा तपास थांबवल्याचे वाचनात आले. आपल्याकडे तसे काही आहे काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपली मुख्य धास्ती भरतीची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४९. आपल्याकडे ठाण्यात आणि गावात अजूनही तिला ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’च म्हणतात. दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास व अटक करू शकतात असा गुन्हा) घडू नये म्हणून पोलिसांनी हस्तक्षेप करावा, एवढाच त्या कलमाचा आशय आहे. ती नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, अटक नव्हे आणि शिक्षा तर नव्हेच. पडताळणीच्या अर्जात आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय, अटक झाली आहे काय, खटला प्रलंबित आहे काय, असे विचारले जाते; वस्तुस्थिती जशी आहे तसे उत्तर द्यावे आणि जे विचारले आहे त्यातील काहीही लपवू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या विषयाचा सविस्तर विचार केला आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की किरकोळ प्रकरणापेक्षा ते दडवणे उमेदवाराला अधिक महागात पडू शकते.

आता आपल्या टिप्पणीकडे वळू. अशा तक्रारीत सहसा भारतीय न्याय संहितेची तीन कलमे पुढे केली जातात : दोन समूहांत वैर वाढवण्याविषयीचे १९६, धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर अपमान करण्याविषयीचे २९९ आणि अफवा व द्वेष पसरवणाऱ्या विधानांविषयीचे ३५३. १९६ लागण्यासाठी मुळात दोन समूह असावे लागतात. आपण एका मंडळाला हिशेब विचारला आहे; त्यात दुसरा समूह कोठेच नाही. २९९ मध्ये बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू लागतो, आणि प्रत्येक अपमान नव्हे तर अपमानाचे उग्र रूपच तेथे दंडनीय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५७ सालीच रामजीलाल मोदी प्रकरणात म्हटले आहे. आपल्या वाक्यात देवीविषयी अवमानाचा एक शब्द नाही. शिवाय वर्गणी गोळा करण्यासाठी मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेबही द्यावा लागतो. जो हिशेब कायदाच मागतो, तो गावातील वर्गणीदाराने मागितला तर तो द्वेष कसा ठरेल? ‘धंदा’ या शब्दाने आपली बदनामी झाली असे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना वाटत असेल, तर बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. त्यांनी स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी. त्यासाठी ठाण्यातून फोन येण्याचे कारण नाही.

एखाद्या लिखाणाने द्वेष पसरतो की नाही, हे कोणाच्या नजरेने ठरवायचे, हा या विषयाचा गाभा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या नागपुरातून आलेले आहे, याचा विदर्भातील प्रत्येक वाचकाला अभिमान वाटावा. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयातही गेले. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या खटल्यातील त्यांचा निकाल १९४७ च्या निकालसंग्रहात छापला गेला. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसांच्या कसोटीवर तपासावा, दुबळ्या आणि डळमळीत मनांच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या कसोटीवर नव्हे, असा त्यातील विचार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तो स्वीकारला आणि २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करतानाही त्याचाच आधार घेतला. म्हणजे तक्रारदाराला वाईट वाटले ही तपासाची सुरुवातही नव्हे आणि शेवटही नव्हे. गावातील शहाण्या, शांत डोक्याच्या माणसाने ते वाक्य वाचले असते तर तो काठी घेऊन बाहेर पडला असता काय, असे ठाणेदारांनी स्वतःला विचारायला हवे.

त्याच २०२५ च्या निकालात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्याची खबर मिळाल्यास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) मध्ये आहे. भाषण किंवा लिखाणावरून तक्रार असेल तर ही चौकशी करणे नेहमीच उचित ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. पण ही चौकशी म्हणजे मजकूर वाचणे, संदर्भ पाहणे आणि कलम लागते की नाही ते ठरवणे. तरुणाला बाकावर बसवून ठेवणे याला चौकशी म्हणत नाहीत. तक्रारीवरून आपली उपस्थिती हवी असेल तर लेखी नोटीस द्यावी लागते. अटकेची गरज नसलेल्या प्रकरणातील कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावणे चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केले आहे. मोबाइल हवा असेल तर लेखी मागणी किंवा रीतसर जप्ती आणि पंचनामा हवा. हातातून घेऊन घरच्या, मित्रांच्या गप्पा चाळण्याचा मोकळा परवाना कोणत्याही कलमात नाही, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले आहे. माफीनाम्याची फार काळजी करू नका. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही.

आता इंग्लंडविषयी. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. १९९३ साली आग्नेय लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या टोळक्याने खून केला आणि पोलिसांनी तपासात अक्षम्य हयगय केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅकफर्सन चौकशी अहवाल आला. पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, ती पोलिसांनी तशी नोंदवावी, असे त्याने सांगितले. ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे ऐकले जावे, हा त्यामागचा विचार होता. पण २०१४ मध्ये तेथील पोलीस प्रशिक्षण संस्थेने जी मार्गदर्शिका काढली, तिच्यामुळे गुन्हा नसलेली, पुरावा नसलेली, केवळ कोणाला तरी द्वेषमूलक वाटलेली गोष्टही माणसाच्या नावासह नोंदवली जाऊ लागली. हॅरी मिलर हे माजी पोलीस कर्मचारी. त्यांनी लिंगओळखीच्या वादावर केलेल्या ट्वीटवरून २०१९ मध्ये पोलीस त्यांच्या कामाच्या ठिकाणी पोहोचले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती मार्गदर्शिका अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बेकायदा अतिक्रमण करणारी असल्याचा निर्णय दिला. जून २०२३ मध्ये अशा नोंदींवर मर्यादा घालणारी संहिता आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांनी गुन्हा नसलेल्या अशा घटनांचा यापुढे तपास करणार नाही, असे जाहीर केले. आपण वाचलेली बातमी ती असावी. एक मात्र लक्षात घ्या : माहिती म्हणून अशा घटना टिपून ठेवणे त्यांनी तेव्हा सोडले नव्हते.

‘गुन्हा नाही, पण द्वेषाची घटना’ असा अधिकृत वर्ग आपल्या कायद्यात नाही. माझे स्पष्ट मत असे, की आपल्याकडे तो वर्ग कागदावर नसताना व्यवहारात मात्र आहे, आणि कागदावर नसल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागणे अधिक अवघड आहे. शहरात पोलीस दारी आले तर शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. खेड्यात जमादाराची मोटारसायकल घरासमोर उभी राहिली की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पारावर पोहोचते, मुलीची सोयरीक थांबते, सोसायटीचा सचिव वेगळ्या नजरेने पाहू लागतो. गुन्हा नोंदवला नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असे जे ठाण्यात सांगितले जाते ते म्हणूनच खरे नाही. पुढच्या वर्षी हिशेब विचारायला कोणी धजणार नाही, हे तर गावाचेच नुकसान आहे.

आपण तीन गोष्टी कराव्यात. नोटिशीची मूळ प्रत जपून ठेवावी आणि झालेल्या प्रकाराचे, तारीख-वेळेसह, लेखी निवेदन उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. भाषा सौम्य ठेवावी, पण ‘माझ्या टिप्पणीत कोणत्याही दखलपात्र गुन्ह्याचे घटक नाहीत’ हे वाक्य त्यात असावे. आणि माहिती अधिकारात अर्ज करून आपल्याविरुद्धच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, ठाण्याच्या कोणत्या अभिलेखात काय नोंद आहे, हे मागावे. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. टिप्पणी काढून टाकायची की नाही हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरीही सांगतो : काढू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहाचा मी ॲडमिन आहे. धानाच्या बोनसची, पावसाची माहिती मिळावी म्हणून तो सुरू केला. आता कोणीही काहीही टाकतो आणि सणावाराच्या आधी नोटीस मात्र मला येते. सदस्याच्या मजकुराबद्दल मला तुरुंगात जावे लागेल काय?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी याचे उत्तर दिले आहे. समूहातील सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, एवढ्यावरून ॲडमिनवर फौजदारी जबाबदारी येत नाही; दोघांचा समान उद्देश किंवा पूर्वनियोजन दाखवावे लागते. मजकूर टाकण्यापूर्वी तो अडवण्याची सोय ॲडमिनकडे नसते, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. म्हणून घाबरून समूह बंद करू नका. मात्र चिथावणीचा मजकूर दिसताच तो काढणे आता ॲडमिनला शक्य असते. तेवढे जरूर करावे, आणि काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र जपून ठेवावे.

प्रश्न : आम्ही बौद्ध आहोत. जयंतीच्या मिरवणुकीची छायाचित्रे मी टाकली, त्याखाली गावातील काही जणांनी आमच्या समाजाविषयी अत्यंत घाणेरडा मजकूर लिहिला. एकाने तर ‘यांना किराणा देऊ नका, यांचे दळण दळू नका, यांना मजुरीला बोलावू नका’ असे लिहिले आणि त्याला अनेकांनी पसंती दिली. दुसऱ्या दिवशी चक्कीवाल्याने माझ्या सासूबाईंचा डबा खरोखरच परत केला. ठाण्यात गेल्यावर ‘मोबाइलवरची भांडणे मोबाइलवरच मिटवा, एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतो’ असे सांगण्यात आले. एकीकडे पोलीस टिप्पण्यांवरून लोकांना बोलावतात म्हणतात, आणि आमचे मात्र कोणी ऐकत नाही. हेही त्या लोकांचे भाषणस्वातंत्र्य समजायचे काय?
— एक भगिनी, जि. वाशीम

उत्तर : नाही, ताई. ते भाषणस्वातंत्र्य नाही, आणि ठाण्यात आपल्याला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नाही.

श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा सांगणारे कलम ६६अ रद्द केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक टिप्पणीवरून व तिला दिलेल्या पसंतीवरून अटक झाली होती. त्यातून ती याचिका उभी राहिली. चर्चा आणि मताचा पुरस्कार, ते मत कितीही अप्रिय असले तरी, संरक्षित आहे. चिथावणीच्या टप्प्यावर पोहोचल्यावर कायदा मध्ये येऊ शकतो, अशी रेषा त्या निकालाने आखली. आपल्या बाबतीत ती रेषा केव्हाच ओलांडली गेली आहे. ‘दळण दळू नका’ हे मत नाही. ती कृती करण्याची हाक आहे, आणि दुसऱ्याच दिवशी डबा परत आला म्हणजे ती अमलातही आली.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ हा आपला मुख्य आधार आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला सोबत ठेवा. या अधिनियमाच्या कलम ३(१) मध्ये तीन खंड आपल्या कामाचे आहेत. लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हे ‘आर’ मध्ये येते, लिखित शब्दांनी समाजाविरुद्ध वैर किंवा द्वेष पसरवणे ‘यू’ मध्ये येते आणि सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे अथवा टाकण्याची धमकी देणे ‘झेडसी’ मध्ये येते. हे गुन्हे दखलपात्र आहेत, त्यामुळे एनसीचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१८ साली घातलेल्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. यवतमाळच्या पत्राच्या उत्तरात जी चौकशी उचित म्हणून सांगितली, ती सबब येथे चालणार नाही. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. जातपंचायतीने आपल्याच समाजातील माणसाला वाळीत टाकण्याविरुद्धचा २०१६ चा राज्य कायदा वेगळा आहे. ठाण्यात कोणी त्याचे नाव सांगून फाटा फोडू लागले तर आग्रहाने अत्याचार प्रतिबंधक अधिनियमच सांगावा.

पुरावा आजच गोळा करा. मजकुराचे पडदाचित्र घेताना लिहिणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे; त्या मजकुराचा दुवा वेगळा उतरवून ठेवा; ज्या मोबाइलवर ते घेतले तो विकू किंवा पुसू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. सासूबाईंनी डबा कोणत्या दिवशी, किती वाजता नेला, चक्कीवर कोण उभे होते, चक्कीवाला काय म्हणाला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. माझ्या अनुभवात न्यायालयात सर्वांत जास्त वजन अशा साध्या, तंतोतंत सांगितलेल्या गोष्टीला येते.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) मध्ये तशी सोय आहे. तरीही हालचाल झाली नाही तर न्यायालयात जाता येते. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ४ मध्ये सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व सनियंत्रण समितीलाही प्रत द्या. चौकशीसाठी आपल्याला किंवा सासूबाईंना ठाण्यात बोलावले जात असेल, तर स्त्री साक्षीदाराचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा असा नियम आहे, हे नम्रपणे सांगा.

आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यात मोठी वेदना आहे आणि ती रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना आदेश दिला, की द्वेषपूर्ण भाषणाबाबत तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहू नये. असे असताना हिशेब विचारणारा तरुण बाकावर बसतो आणि बहिष्काराची हाक देणारा मोकळा फिरतो, याचे कारण कायद्यात सापडत नाही. ते सापडते तक्रार कोण घेऊन आला आहे, त्याच्या मागे किती माणसे उभी आहेत, यात. ज्याच्या पाठीशी मंडळ आहे त्याची भावना लगेच दुखावते, आणि जिचा दळणाचा डबा परत येतो तिने मात्र समजून घ्यायचे! यावर मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. पण म्हणून भावना दुखावण्याचा कायदा आणखी सैल करावा, असे माझे मत नाही. सैल कायदा वापरायला सर्वांत आधी बलवानच पोहोचतात. चिथावणी आणि बहिष्कार यांवर कायदा घट्ट बसावा आणि बाकीच्या बोलण्यावरून त्याने हात काढावा, यातच आपले आणि यवतमाळच्या त्या तरुणाचेही हित आहे.

प्रश्न : मी पोलीस पाटील आहे. समाजमाध्यमांवर वादग्रस्त लिहिणाऱ्यांची नावे वहीत टिपून ठेवा, असे आम्हाला बैठकीत तोंडी सांगितले. काही झाले तर पहिला जाब मलाच विचारतात, म्हणून मी नावे लिहितो. पण त्यांत माझ्याच ओळखीची शेतकऱ्यांची पोरे आहेत, जी पीकविम्यावरून पुढाऱ्यांना शिव्या घालतात. कोणते लिखाण कळवावे आणि कोणते सोडून द्यावे?
— एक पोलीस पाटील, जि. अकोला

उत्तर : आपल्या जबाबदारीला कमी लेखून उत्तर देता येणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांच्या बातम्यांवरून अमरावतीत दंगल उसळली आणि संचारबंदी लावावी लागली. मे २०२३ मध्ये आपल्या अकोला शहरात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल झाली आणि एकाचा जीव गेला. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात चादर जाळल्याच्या अफवेने कशी दंगल उसळली, ते आपण पाहिले. त्यामुळे कोणी ‘ऑनलाइन लिहिण्याने काय होते’ असे म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार सार्वजनिक शांततेला बाधा येईल अशी गोष्ट ठाण्याला कळवणे हे आपले कर्तव्यच आहे.

पण कळवायची ती गोष्ट. माणसांची यादी नव्हे. मजकूर समोर आला की तो एखाद्या धर्माच्या, जातीच्या समूहावर समूह म्हणूनच तुटून पडतो आहे काय, ते आधी पाहा. मग तो काही करायला सांगतो आहे काय ते पाहा : जमा व्हा, मारा, जाळा, दुकान बंद पाडा, वाळीत टाका. आणि त्यानंतर वेळ व जागा पाहा, कारण एरवी विरून जाणारे वाक्य मिरवणुकीच्या आदल्या रात्री, ज्या गल्लीतून ती जाणार तेथे, जीवघेणे ठरू शकते. जुना किंवा परगावचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरत असेल तर तो सर्वांत आधी कळवावा, आणि ठाण्याकडून खुलासा मिळवून तो तितक्याच वेगाने त्याच समूहांत टाकावा. दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांना तंटामुक्त गाव समितीच्या बैठकीत समोरासमोर बसवणे अशा वेळी फार उपयोगी पडते. ते आपल्याइतके चांगले कोणीच करू शकत नाही.

पीकविमा, कर्जमाफी, कापसाचा भाव, रेशन दुकान, ग्रामपंचायतीचे घरकुल, यांवरून आमदाराला, सरपंचाला, सरकारला कडक शब्दांत बोलणे वहीत येण्याचा काहीही संबंध नाही. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकावर, कलम ३७० हटवल्याचा दिवस काळा दिवस म्हटल्याबद्दल आणि पाकिस्तानच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्याबद्दल गुन्हा नोंदला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला आणि पोलीस यंत्रणेला अभिव्यक्ती स्वातंत्र्याची कल्पना समजावून देण्याची वेळ आली आहे, असे म्हटले. एवढ्या नाजूक विषयावरची टीका चालत असेल, तर पीकविम्याच्या पैशासाठी वर्षभर खेटे घालणाऱ्या पोराचा त्रागा कोणत्या कलमात बसवणार?

वहीपुरते असे करा. तिच्यात यापुढे एकही नवे नाव लिहू नका. पुढील बैठकीत तीच सूचना पुन्हा आली तर ती लेखी द्यावी, अशी सर्वांसमक्ष विनंती करा. तशी यादी कोणत्या आदेशाने ठेवायची, ती किती काळ राहणार आणि कोण पाहणार, अशी लेखी विचारणा आपले नियुक्ती प्राधिकारी असलेल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करून तिची पोच जवळ ठेवा. ज्यांची नावे आधीच वर गेली आहेत, त्यांतील कोणी भरतीचा किंवा पासपोर्टचा अर्ज केला आणि पडताळणीसाठी आपल्याकडे विचारणा आली, तर त्याच्याविरुद्ध गुन्हा नाही एवढेच, आणि ते स्पष्टपणे, लिहून द्या.